नेताजी पालकर आणि परत येणं

नेताजी पालकर म्हटलं की 'प्रतिशिवाजी' एवढंच आपल्याला आठवतं. स्वराज्याच्या घोडदळाचा सरनोबत! मला मात्र त्यांची पुढची दहा वर्षं जास्त छळतात.

जानेवारी १६६६. पन्हाळ्याच्या हल्ल्यात नेताजी वेळेवर पोचले नाहीत. हजारभर माणसं पडली. सरनोबती गेली. मग आधी विजापूरकर, नंतर मिर्झाराजांकडून पाच हजारी मनसब. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींच्या अटकेचा हुकूम सोडला. ऑक्टोबरात त्यांना पकडलं ते कुठे? धारूरला! म्हणजे आपल्या मराठवाड्यातच. जिंतूरहून एका दिवसात जाऊन यावं इतकं जवळ.

पुढे दिल्ली, १६६७ मध्ये धर्मांतर, मुहम्मद कुलीखान हे नवं नाव, काबूलकडची चाकरी. १६७६ मध्ये ते परत आले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतलं. पन्हाळ्याचा हिशेब महाराज विसरले असतील का? मला नाही वाटत. तरीही दार उघडलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा चुलतभाऊ. वाट्याचं शेत विकून मुंबईला गेला होता, बारा वर्षांनी जिंतूरला परत आलाय. जो भेटतो तो एकच विचारतो, "काय कमावलंस?" आता तो घराबाहेर पडायचंच टाळतो. काकूने मात्र पहिल्या दिवशी काही न विचारता ताट वाढलं.

असो. नातेवाईक मंडळी, वाचताय ना? दिवाळीत याल तेव्हा त्याला तो प्रश्न तेवढा विचारू नका.