काळा पडदा आणि पेढीची खतावणी

आपल्या पेढ्यांवरील लाल कापडी बांधणीच्या वह्या आता बहुधा दिवाळीच्या वहीपूजनापुरत्या उरल्या आहेत. खरी रोजकीर्द, खतावणी, मालाचा साठा आणि लोकांकडील येणे-देणे हे सारे टेबलाखालच्या एका लोखंडी डब्यात जाऊन बसले आहे. त्या डब्यात डोकावण्याची खिडकी म्हणजे समोरचा मॉनिटर. सकाळी बटण दाबावे, आतला पंखा फिरल्याचा आवाज यावा आणि पडदा मात्र काळाच राहावा, असे झाले की दुकानात पहिला उद्गार ऐकू येतो, ‘कॉम्प्युटर गेला!’ कपाटाची किल्ली सापडेना म्हणून आतली वही जळाली असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र सुज्ञ माणसेही असे सहज म्हणून जातात.

मी १९८३ साली बँकेत रुजू झालो तेव्हा शाखेत संगणक नव्हता. पुढच्याच वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर काही वर्षांनी खतावणीची यंत्रे शाखांतून दिसू लागली. त्याआधी तेरीज हातानेच जुळवावी लागे. ती जुळली नाही तर जुने अधिकारी आधी फरकाची रक्कम पाहत. तिला ९ ने पूर्ण भाग गेला तर कुठे तरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव असे. भाग गेला नाही तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधत, कारण नावेऐवजी जमेला गेलेली रक्कम फरकात दुप्पट होऊन दिसते. एवढे झाल्यावरच खात्यांची पाने उलटली जात. काळ्या पडद्याच्या तपासालाही हीच शिस्त लागते. विद्युतशास्त्राचे ज्ञान त्यासाठी लागत नाही.

माझ्या पुतण्याची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत आहे. हंगाम सुरू झाला होता, महिन्याची १९ तारीख होती आणि दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायचे होते. सकाळी पडदा लागेना. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज; रकमा फार मोठ्या नव्हत्या, परंतु पेढीचे विवरणपत्र तोवर एकदाही उशिरा गेले नव्हते. संगणक सकाळी सर्वप्रथम चालू करतात ते दिवाणजी. पस्तीस वर्षे पेढीवर असलेला हा मनुष्य. ‘दिवाणजी, तुम्ही कोणते बटण दाबलेत?’ हा प्रश्न त्यांना दुपारपर्यंत चार जणांनी विचारला होता. दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच निदान केले, ‘मदरबोर्ड गेला असेल. डबा पाठवून द्या, फॉरमॅट मारून देतो.’ मी पोहोचलो तेव्हा डबा टेम्पोत चढवण्याची तयारी चालली होती आणि दिवाणजी कोपऱ्यातल्या बाकावर हात जोडल्यासारखे बसून होते. त्यांनी चहाही घेतला नव्हता.

मी डबा पुन्हा टेबलाखाली ठेवायला सांगितला. मॉनिटरचा दिवा लागत होता आणि काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे क्षणभर दिसून जात होती. अक्षरे दिसतात म्हणजे मॉनिटर धडधाकट आहे. त्याला डब्याकडून चित्र मिळत नाही, एवढीच त्याची तक्रार. मग मी दिवाणजींना की-बोर्डवरचे कॅप्स लॉक दाबायला सांगितले. छोटा दिवा लागला. पुन्हा दाबले, विझला. या साध्या परीक्षेला मी फार महत्त्व देतो. मदरबोर्ड खरोखरच निकामी झाला असता तर तो दिवा असा आज्ञेत राहिला नसता. म्हणजे डबाही जिवंत, पडदाही जिवंत. संशय उरला तो मधल्या वाटेवर.

मोबाइलचा उजेड पाडून डब्याची मागची बाजू पाहिली. तिथे मॉनिटरची केबल लावण्याच्या जागा दोन ठिकाणी होत्या. वर, की-बोर्ड-माउस जिथे लागतात त्या घोळक्यात मदरबोर्डच्या खाचा. खाली आडव्या पट्टीवर वेगळ्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डच्या खाचा. केबल वरच्या खाचेत होती. आता, काही प्रोसेसरमध्ये चित्र निर्माण करणारा भाग मुळातच नसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते ते असे असतात. ते काहीसे स्वस्त पडतात, म्हणून संगणक जुळवून देणारे त्यासोबत वेगळे कार्ड घालून देतात. मदरबोर्डवरची खाच मात्र तशीच राहते. दार आहे, पलीकडे खोली नाही! खरेदीच्या बिलावर प्रोसेसरच्या नावापुढे ते ‘एफ’ स्पष्ट छापलेले होते. ज्या यंत्रांत दोन्ही सोयी असतात, तिथेही कार्ड बसवले की वरची खाच बरेचदा आपोआप बंद होते.

केबल खालच्या खाचेत लावली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा उजळला. तेव्हा पुतण्याचा मुलगा पुढे येऊन हळूच म्हणाला, ‘आजोबा, काल मॅच बघायला मॉनिटर मीच माडीवर नेला होता.’ रविवारच्या सुटीत नेला, रात्री परत आणून लावला, आणि जी खाच आधी हाताला लागली तीत केबल बसली. त्याला कोणी रागावले नाही, हे योग्यच झाले. पण दिवाणजींना ज्या चौघांनी प्रश्न विचारला होता त्यांच्यापैकी एकानेही तो परत घेतला नाही, हे मला खटकले आणि मी पुतण्याला तसे बोलून दाखवले. त्याने दिवाणजींसमोर स्वतः चहा नेऊन ठेवला. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा वरच्या खाचेवर कागदी पट्टी चिकटवलेली दिसली. तीवर दिवाणजींच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘बंद खाते’.

प्रत्येक पेढीचा दोष हाच निघेल असे नाही. परंतु तपास नेहमी बाहेरून आत जावा. मॉनिटरचा दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेचा आहे. तोच प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. दिवा लागतो पण चित्र नाही, तर केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवावी. जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलला, जी १९८७ पासून चालत आली आहे, दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ते कोणी पिळत नाही आणि झाडूच्या धक्क्याने केबल सैल होते. तिची एखादी पिन वाकली तर रंग बिघडतात. निळ्याची पिन टेकत नसेल तर पांढरा कागदही हळदीसारखा पिवळा दिसतो. त्या केबलच्या पंधरा जागांपैकी नवव्या जागी बऱ्याचदा पिन नसतेच. ती तुटली असे समजून केबल फेकू नये. एचडीएमआयला स्क्रू नसल्यामुळे ती अर्धवट बाहेर आली तरी लक्षात येत नाही. मॉनिटरवर एकाहून अधिक प्रकारच्या केबली लागत असतील तर बटणांनी योग्य इनपुट निवडलेले आहे ना, तेही पाहावे. मॉनिटर आधी आणि डबा नंतर चालू करण्याची सवय बरी. केबलमधूनच मॉनिटर आपली ओळख डब्याला कळवत असतो.

सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह दिसते आणि मग अंधार होतो, असे असेल तर केबल निर्दोष आहे. चित्र आले ते तिच्यातूनच. अशा वेळी विंडोजच्या चिन्हाची कळ आणि पी एकत्र दाबून पाहावे. चित्र न जोडलेल्या दुसऱ्या पडद्याकडे पाठवले गेले असेल तर ते असे परत आणता येते. चित्र अगदी पुसट असेल आणि विजेरी तिरकी धरल्यावर अक्षरे दिसत असतील तर मॉनिटरच्या आतला प्रकाश गेला आहे. दुसरा मॉनिटर आणून लावावा, काम चालू राहते.

पंखा फिरतो, ‘नो सिग्नल’ दिसते, कॅप्स लॉकचा दिवा मात्र ऐकत नाही, किंवा आतून ठरावीक बीप ऐकू येतात, तेव्हा रॅमच्या पट्टीकडे पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार घडते. दमट हवा आणि यार्डातली धूळ. पुतण्याच्या डब्याचे झाकण उघडले तेव्हा आत सारे पिवळेजर्द होते. तीन पिनांचा प्लग काढून, पॉवरचे बटण काही वेळ दाबून धरून, मग पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलचा खोडरबर हलकेच फिरवावा, कण झटकावेत आणि ती खटक्याचा आवाज येईपर्यंत परत बसवावी. वीजपुरवठ्याची आतली पेटी मात्र घरी कधीही उघडू नये.

इतके करूनही पडदा लागला नाही तर कारागीर बोलवावाच. तो दुकानात यावा, डबा त्याच्याकडे जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. न्यावाच लागला तर आतली डिस्क आपल्यासमोर काढून घ्यावी आणि पावती लिहून घ्यावी. ‘फॉरमॅट’ या शब्दाला तर होकारच देऊ नये. पडदा न लागण्याशी बहुधा त्याचा काही संबंध नसतो, आणि पुतण्याच्या त्या डब्यात बारा वर्षांची खतावणी होती. तिची दुसरी प्रत त्या दिवशी कुठेही नव्हती. टेम्पोकडे पाहताना मला भीती वाटली ती याच गोष्टीची.

आता दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या आहेत. एक पेढीच्या तिजोरीत असते, दुसरी घरी वहिनींच्या कपाटात. दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला त्यांची अदलाबदल होते, आणि ती दिवाणजी स्वतः करतात.