कॉलमचा टाइप आणि चोपन्न गुंठे

टेबलातल्या कॉलमचा डेटा टाइप कोडमधून कसा काढायचा? इंटरव्ह्यूमध्ये विचारला तर हा सोपा प्रश्न. पण शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचं कधी न पाहिलेलं टेबल समोर आलं, सोबत डॉक्युमेंट नाही आणि ते बनवणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला, की हाच प्रश्न वीकेंड खातो.

उत्तर मात्र छान आहे. एडगर कॉड यांनी 1985 मध्ये रिलेशनल डेटाबेसचे जे नियम मांडले, त्यातला चौथा सांगतो की डेटाबेसची स्वतःबद्दलची माहितीसुद्धा टेबलांतच असावी आणि नेहमीच्याच भाषेत विचारता यावी. म्हणजे टेबलांची कुंडली टेबलातच! मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर यांत ‘इन्फर्मेशन स्कीमा’मधल्या ‘कॉलम्स’ला सिलेक्ट मारा, नाव, टाइप, लांबी सगळं मिळतं. ओरॅकलचा संसार वेगळा, तिथे ‘युझर टॅब कॉलम्स’.

जावातून करायचं असेल तर आणखी एक जुनी युक्ती. क्वेरीला ‘व्हेअर 1=0’ लावायचं. एकही ओळ येत नाही, पण रिझल्टसेटचा मेटाडेटा येतो. त्याला कॉलमचा टाइप विचारला की तो आकडा देतो: 12 म्हणजे व्हारकार, 3 म्हणजे डेसिमल, 91 म्हणजे डेट. आकडे पाठ करू नका, नाव देणारी मेथडही आहे :-)

नुसत्या टाइपवर थांबू नका, लांबीही विचारा. आमच्या गावाचं उदाहरण घ्या. ‘लोहारा’ तीन अक्षरांचा दिसतो, पण काना-मात्रा धरून युनिकोडचे 6 कोड होतात आणि यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे 18. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा 30 बाइटचे 21 झाले. ओरॅकलमध्ये लांबी 10 आहे म्हणून खूश होऊ नका; ते 10 बाइट की 10 कॅरेक्टर, हे सांगणारा वेगळा कॉलम तिथे असतो. बाइट असतील तर लोहारासुद्धा मावत नाही.

इथवर सगळं कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडेल. पुढचं मला सापडलं ते दिवाळीत, गावाकडे.

घरात जमिनीच्या वाटणीची बोलणी चालू होती. वडील आणि काका, दोघांत तीन तुकडे. चुलतभावाने जुन्या कागदांवरून सगळं लॅपटॉपवर एका टेबलात घेतलं होतं. क्षेत्र: 1.30, 2.25, 0.35. बेरीज 3.90. ‘‘दादा, तीन पॉइंट नऊ एकर. म्हणजे प्रत्येकी एक पॉइंट पंच्याण्णव,’’ तो म्हणाला. कॉलमचा टाइप बघितला तर डेसिमल, दोन दशांश. अगदी व्यवस्थित. मेटाडेटाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

काका शेजारी सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, ‘‘अरं, पॉइंट कुठला? एक एकर तीस गुंठं हाय ते.’’

एकराचे गुंठे 40. म्हणजे ते टिंब दशांशचिन्ह नव्हतंच, दोन वेगळ्या मापांमधली भिंत होती. बेरीज पुन्हा केली: 3 एकर आणि 90 गुंठे, म्हणजे 5 एकर 10 गुंठे. 3.9 एकर म्हणजे मात्र 3 एकर 36 गुंठे. मधले 54 गुंठे टेबलात गडप! गुंठ्याला 1,089 चौरस फूट, म्हणजे 58,806 चौरस फूट. पुण्यात वनबीएचकेचे हप्ते भरणाऱ्याने हा आकडा शांतपणे वाचावा. आमच्याकडे दोन भावांचं बोलणं बंद व्हायला एवढे गुंठेही लागत नाहीत, एक बांध पुरतो.

आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. हेक्टरचे आर 100, त्यामुळे तिथे हेच टिंब दशांशासारखं वागतं. म्हणजे 1.30 हा एकच आकडा एका कागदावर डेसिमल आहे आणि दुसऱ्यावर नाही. गट नंबरची तीच गत. 12/3 एक्सेलमध्ये टाइप करा, त्याची तारीख होते. मग कोडने टाइप विचारला की ‘डेट’ असं आत्मविश्वासाने उत्तर येतं, आणि गट मात्र हरवलेला असतो.

आम्ही उपाय साधा केला. एकर आणि गुंठे असे दोन इंटिजर कॉलम, गुंठ्यांवर 40 पेक्षा कमीचं बंधन. बेरीज आधी गुंठ्यांत करायची: 210. निम्मे 105, म्हणजे प्रत्येकी 2 एकर 25 गुंठे. काकांनी बोटांवर मोजून मान डोलावली. माझं युनिट टेस्टिंग झालं.

कोड सांगतो तो टाइप म्हणजे टेबल बनवणाऱ्याने दिलेला शब्द. त्या आकड्याचा अर्थ आकडा लिहिणाऱ्याकडे असतो. पण दर वेळी काका शेजारी नसतात ना! म्हणून ओरॅकल आणि पोस्टग्रेस दोन्हींत ‘कॉमेंट ऑन कॉलम’ची सोय आहे. तिथे एक ओळ लिहून ठेवा: ‘एकर.गुंठे, बेरीज थेट करू नये’. ती ओळही कोडमधून वाचता येते. टाइप शोधणारी क्वेरी लिहालच, तेव्हा ही कॉमेंटही त्यातच मागवा.