मौनाची वर्गणी

मासिकाची वर्गणी संपत आली म्हणजे पूर्वीं शेवटच्या अंकांत एक गुलाबी चिठ्ठी येत असे. पुढील अंक व्ही. पी.नें पाठवीत आहों, नको असल्यास आगाऊ कळवावें, अशा अर्थाचा तिच्यांत मजकूर असे. व्ही. पी.ची ही सोय आपल्या टपालखात्यांत १८७७ सालीं सुरू झाली. चिठ्ठीस उत्तर पाठविलें नाहीं तरी पैसे आपोआप जात नसत. पोस्टमन दारांत येऊन उभा राही, आणि घरांतील कर्ता माणूस रक्कम मोजून देई किंवा "परत न्या" म्हणे. वर्षांतून एकदां तरी कोणास तरी हातानें पैसे द्यावे लागत. हल्लीं सॉफ्टवेअरच्या कंपन्या जी वर्गणी घेतात तिच्यांतून नेमकी हीच पायरी गळाली आहे.

सॉफ्टवेअर हें पूर्वीं पुस्तकासारखें विकत मिळे. तबकडी घरीं आणली कीं ती आपली. मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं ऑफिस ३६५ ही वर्गणीची पद्धत सुरू केली. अॅडोबीनें मे २०१३ मध्यें, यापुढें चित्रकामाचीं नवीं साधनें केवळ वर्गणीनेंच मिळतील, असें जाहीर केलें. यांत ग्राहकाचा लाभ मुळींच नाहीं असें नव्हे. एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाहीं, आणि सुधारणा वरचेवर मिळतात. पण खरेदीचें भाडें झालें, आणि तें भाडें कोणी दारीं न येतां वसूल होऊं लागलें.

पैसे जातात कसे, हें आम्हीं पुतण्याकडून समजून घेतलें. तो पुण्यास दवाखान्यांना हिशेबाचें सॉफ्टवेअर वर्गणीनें देतो. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक त्याच्या दप्तरीं नसतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशांत व्यापाऱ्यांस तो सांठवून ठेवण्यास मनाई आहे. त्या जागीं टोकन नांवाचा सांकेतिक क्रमांक असतो, आणि ठरल्या तारखेस यंत्र तो पुढें करून बँकेकडे पैसे मागतें. एखाद्या डॉक्टरानें महिन्याच्या मध्यावर आणखी दोन कारकुनांची सोय मागितली, तर उरलेल्या दिवसांपुरताच आकार लावावयाचा. शाळेंत आम्ही त्रैराशिक म्हणून जें शिकवीत असूं तेंच हें. वर्षाचे पैसे आगाऊ आले तरी ते सगळे लगेच उत्पन्न नव्हेत. महिना सरेल तसा बारावा हिस्सा उत्पन्नांत धरावयाचा, बाकीचें देणें समजावयाचें. हें ऐकून आम्हांस बरें वाटलें.

कार्डाची मुदत संपली किंवा खात्यांत शिल्लक नसली म्हणजे मागणी परत येते. मग कांहीं दिवसांनीं पुन्हां मागणी, सोबत स्मरणपत्र. या प्रकारास इंग्रजींत डनिंग म्हणतात. आपला तगादा तो हाच. "काका, सोडून जाणारे सगळेच कांहीं नाराज नसतात," तो म्हणाला, "कित्येकांचें नुसतें कार्ड जुनें झालेलें असतें." ही बाजूहि खरी आहे. दर महिन्यास प्रत्येकाचें दार वाजवीत बसला, तर पोराचा धंदा चालावयाचा नाहीं.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०१९ मध्यें काढलेला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणें अमलांत आलेला नियम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. पहिली संमति ओटीपीनें खातरजमा करून द्यावयाची. पुढें प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधीं ग्राहकास सूचना गेली पाहिजे, आणि नको म्हणण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. दर वेळच्या ओटीपीशिवाय जाऊं शकणाऱ्या रकमेची मर्यादा आरंभीं २,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्यें १५,००० वर नेली. नियम अमलांत आला तेव्हां अनेक परदेशी कंपन्यांचे हप्ते अडले आणि ओरड झाली. आमच्या दृष्टीनें ही सूचना म्हणजे ती गुलाबी चिठ्ठीच. मात्र चिठ्ठीस उत्तर न देण्याचा अर्थ पूर्वीं "पाहूं" असा होता, तो आतां "घ्या" असा झाला आहे.

हा फरक किती मोठा, तें आमच्या घरीं कळलें. आमचे थोरले बंधू अण्णा वारले. वरील पुतण्या हा त्यांचाच मुलगा. खातें वहिनींच्या नांवें करावयाचें म्हणून पासबुक भरून आणलें, तों अण्णांच्या पश्चात् एका कंपनीकडे दरमहा १३० रुपये गेलेले. अशा नऊ नोंदी. कागदपत्रांच्या प्रती दूरच्या यंत्रांत ठेवण्याच्या जागेचें तें भाडें. सूचना नेमानें येत असलीच पाहिजे, पण ती अण्णांच्या फोनवर, आणि तो फोन कपाटांत त्यांच्या चष्म्याशेजारीं बंद पडलेला. कंपनीनें कपट केलें नाहीं, बँकेनें नियम मोडला नाहीं. गेलेल्या माणसाचें मौन संमति म्हणून जमा होत होतें, इतकेंच.

वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, बंद केलें तर आंतल्याचें काय?" आंत अण्णांनीं चार वर्षें खपून जमविलेलीं आमच्या कुलवृत्तान्ताचीं टिपणें होतीं. परवलीचा शब्द त्यांच्या वहींत सांपडला. प्रथम सर्व घरच्या यंत्रांत उतरवून घेतलें, मग बँकेंतील आज्ञा रद्द केली आणि कंपनीकडील खातेंहि बंद केलें. हीं दोन कामें निरनिराळीं आहेत, हें गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें. नुसती बँकेंतील आज्ञा मोडली तर पैसे थांबतात, करार मात्र उभा राहूं शकतो.

कपटाचीं उदाहरणेंहि आहेत. घेतांना एक कळ दाबावी, सोडतांना सात दारें ओलांडावीं, अशी मांडणी मुद्दाम केलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले, त्यांत वर्गणीचा सापळा हा एक आहे. अमेरिकेंत जून २०२४ मध्यें सरकारनें खुद्द अॅडोबीवर फिर्याद केली. वार्षिक करार, पण हप्ता मासिक, या योजनेंत मध्येंच सोडल्यास पडणारा आकार दडविला होता, अशी ती तक्रार. जुन्या सावकारी खतांची आठवण यावी असें हें प्रकरण.

आमचें मत असें कीं वर्षांतून एकदां तरी प्रत्येक वर्गणीस हातानें होकार घ्यावा. हें अशक्य नाहीं. वर्षभर कांहींच न पाहिलेल्या ग्राहकांस विचारावें, आणि उत्तर न आल्यास वर्गणी बंद करावी, असें नेटफ्लिक्सनें मे २०२० मध्यें जाहीर केलें होतें. पुतण्यानेंहि अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर आपल्या यंत्रांत बदल केला. एखाद्या दवाखान्यानें तीन महिने खातें उघडलेंच नाहीं, तर चौथ्या महिन्याची मागणी जात नाहीं. आधीं पत्र जातें. पहिल्या तिमाहींत त्यामुळें अकरा ग्राहक गळाले. दोघे पत्र वाचून परत आले. त्याच्या भागीदारास हा बदल अद्याप पसंत नाहीं, आणि दोघांचा वाद चालूच आहे.