मालक असलात तरी दस्तुरी नाक्यावर उतरा

शनिवारची रात्र, जुलै महिना, कर्जतचं घर. बाहेर पाऊस असा की घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नव्हती. साडेनऊला खालापूरहून काकांचा फोन. "अरे, आपलं पावसाचं पान उघडत नाही. नुसतं 'फॉरबिडन' म्हणतंय. वाडीवरच्या पोरांचे दोन फोन येऊन गेले."

थोडं मागचं सांगतो. काका शाळेतून निवृत्त झालेत. अंगणात पर्जन्यमापक लावलाय, रोज सकाळी साडेआठला मोजतात. जोर असला की दर तीन तासांनी. आधी सगळं वहीत असायचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मृत आणि बेपत्ता मिळून ऐंशीहून जास्त माणसं. त्यानंतर काका एवढंच म्हणाले, "हे आकडे वहीत ठेवून काय उपयोग?" म्हणून मी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. आल्मालिनक्स, अपाची आणि एक साधं पान. डोंगराखालच्या तीन-चार वाड्यांतली मंडळी ते बघतात आणि रात्री शाळेत झोपायला जायचं का ते ठरवतात. सरकारी इशारा असतोच, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा. हा आकडा त्यांच्या डोंगराजवळचा.

आणि हे पान बंद पाडणारा कोण? अस्मादिक! दुपारी नवीन पान तयार केलं, सर्व्हरवरच्या माझ्या होम फोल्डरमध्ये चढवलं आणि तिथून 'एमव्ही' करून वेबच्या फोल्डरात सरकवलं. न तपासता जेवायला बसलो.

लॅपटॉप उघडला. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'. परवानग्या बघितल्या, सगळ्या ठीक. मालक बरोबर, वाचायचा हक्क सगळ्यांना. तरी नाही. मग जे करायला लाज वाटायला हवी ते केलं... ७७७! म्हणजे या, वाचा, लिहा, घर तुमचंच आहे. तरी नाही!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एसईलिनक्स.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या एनएसएने हे २००० साली जगासमोर ठेवलं आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आलं. नेहमीच्या परवानग्या फाईलचा मालक ठरवतो. इथे मालकाला कोणी विचारत नाही. प्रत्येक फाईलला एक लेबल, प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल, आणि कोणी कोणाला हात लावायचा हे वरचं धोरण ठरवतं. आधी साध्या परवानग्या तपासल्या जातात, मग हे. दोन्हीकडे होकार मिळाला तरच दार उघडतं.

'सेटएनफोर्स ०' मारलं. पान लगेच उघडलं. काकांना कळवलं, त्यांनी वाड्यांवर कळवलं. वाजले होते दहा. झोपायला हरकत नव्हती.

पण झोप येईना. पहिल्या नोकरीत मी नेमकं हेच केलं होतं. शुक्रवारची संध्याकाळ, एका ग्राहकाचा सर्व्हर, हेच दुखणं. तेव्हा एसईलिनक्स कायमचं बंद केलं, ७७७ ठेवलं आणि लोकल पकडली. तीन महिन्यांनी त्या अपलोडच्या फोल्डरात एक परकी पीएचपी फाईल सापडली. कोणीतरी बाहेरून येऊन आरामात बसला होता. चूक माझी, रात्री जागले दुसरेच. आज कोणी असाच आत शिरला आणि ११० मिमीचे ११ मिमी केले तर?

उठलो. 'ऑडिट.लॉग' चाळला. 'सेटएनफोर्स ०' केल्यावरही एसईलिनक्स नकार लिहून ठेवतं, फक्त अडवत नाही, त्यामुळे सगळ्या अडचणी एकदम दिसतात. दोन नोंदी होत्या. पहिली: अपाचीला पानं वाचायची होती, पण त्यांचं लेबल होतं 'युजर_होम_टी'. 'एमव्ही' फाईलचं जुनं लेबल सोबत घेऊन येतं. 'सीपी' केलं असतं तर नवीन जागेचं लेबल लागलं असतं. 'रिस्टोअरकॉन -आरव्ही' चालवलं, लेबलं जागेवर.

दुसरी: काकांनी नुकताच टाकलेला आकडा अपाचीला फाईलमध्ये लिहायचा होता. लिहिण्याची मुभा हवी, पण फक्त त्या एका फोल्डरला. 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने आकड्यांच्या फोल्डरला 'एचटीटीपीडी_एसवायएस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी' हे लांबलचक लेबल ठरवून दिलं, पुन्हा 'रिस्टोअरकॉन'. ७७७ काढून टाकलं. 'सेटएनफोर्स १'. धडधडत्या छातीने पान उघडलं... उघडलं! काकांना परत फोन. "एक आकडा टाकून बघा हो." टाकला, साठवला गेला.

रविवारी खालापूरला गेलो. भजी खाता खाता काकांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे माथेरानचं दस्तुरी नाकं की रे. गाडी तुझी, कागदपत्रं तुझी, वर बंगलाही तुझाच असेल. पण गाडी नाक्यावरच. ॲम्ब्युलन्स जाते, बाकी कोणी नाही."

"आणि आता ई-रिक्षा," मी म्हटलं. त्या २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. गरज होती म्हणून तेवढीच वाट उघडली, नाकं कोणी उखडलं नाही. त्या फोल्डरचं मी तेच केलं होतं.

"मग पहिल्या नोकरीत नाकं कोणी उखडलं होतं?" काकांनी विचारलं. मास्तर शेवटी.

मी भज्यांकडे बघितलं. काका उठून पाऊस मोजायला गेले.