स्पोर्ट्स सेडान, पन्नाशी आणि आपली कंबर

मुलांची शिक्षणं झाली, घराचे हप्ते संपले की एक जुनी हौस डोकं वर काढते: आता एक चांगली गाडी घ्यायची! माझी हौस बीएमडब्ल्यू थ्री सिरीजची. १९७५ पासून चालत आलेली ही सेडान 'चालवणाऱ्याची गाडी' म्हणून ओळखली जाते. मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए-फोर याच वर्गातल्या. २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हापासून आपल्या छोट्या शहरांतही ही स्वप्नं उघडपणे बोलली जातात.

पण माझं वय ५४. एल-४, एल-५ ची चकती अधूनमधून कुरकुरते. आठवड्यातून एकदा गडचिरोलीला ओपीडी असते आणि ८२ वर्षांच्या आईला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. म्हणून ही गाडी डॉक्टरच्या नजरेने पुन्हा तपासली.

गुण खरे आहेत
गाडीचा गुरुत्वमध्य खाली असल्याने वळणावर ती झुकत नाही, उलटण्याचा धोका उंच गाडीपेक्षा कमी असतो. ब्रेक उत्तम. सीटला कमरेचा आधार हवा तसा कमी-जास्त करता येतो.

शरीराचं म्हणणं
सीट खाली असली की गुडघे खुब्यापेक्षा वर येतात, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि चकतीवरचा ताण वाढतो. उतरताना सगळा भार मांड्यांवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. आईला तर हात धरूनच उठवावं लागेल. त्यात कडक सस्पेन्शन आणि कमी जाडीचे टायर. खड्ड्याचा दणका थेट मणक्याला!

आपला रस्ता
मूलमार्गे गडचिरोलीला जाताना जंगल लागतं. संध्याकाळी रानडुक्कर, चितळ, नीलगाय आडवी येते. बुटक्या गाडीचं बॉनेट नीलगायीच्या पायांना लागतं आणि धड काचेवर येऊ शकतं. गाडीचा वेग इथे उपयोगाचा नाही, ब्रेक मात्र आहेत.

मी निर्णय घेतला आहे: थोडी उंच, साधी गाडी, पण सहा एअरबॅग, एबीएस आणि ईएससी असलेलीच. आईला सहज बसता-उतरता येणं हा माझ्यासाठी सर्वांत मोठा गुण ठरला.

तुम्ही कोणतीही गाडी घेताना
• टेस्ट ड्राइव्ह किमान अर्धा तास घ्या. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला बसवून, उतरवून पाहा.
• खुबा गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर हवा. पाठ थोडी मागे रेललेली असावी.
• हेडरेस्टचा वरचा भाग डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास ठेवा. मानेला झटका कमी बसतो.
• दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. पायांतलं रक्त साकळत नाही.
• मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत मूल किंवा वृद्ध व्यक्तीला क्षणभरही एकटं सोडू नका.
• मागच्या सीटवरही बेल्ट लावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा कमी वाटत असेल, तर गाडीची सीट बदलत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.