स्वस्तातले पॅड आणि सुकलेली पिन

वाळूज एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाने डुप्लिकेट ब्रेक पॅड घालावेत, हे तसं लाजिरवाणंच. बजाजचा कारखाना इथे 1985 पासून, दुचाकींचे ब्रेक बनवणारी एंड्युरन्सही याच गावची. आणि मी पुढच्या डिस्कचे पॅड घेतले ते नुसती किंमत बघून: शोरूमच्या निम्म्यात, साध्या पाकिटात, बिलाशिवाय. शहरात काहीच जाणवलं नाही. जालना रोडवर सिग्नल ते सिग्नल जाताना ब्रेक तापतो कुठे?

तापला तो कन्नडच्या पुढे, औट्रम घाटात. चाळीसगावला सासुरवाडीला निघालो होतो. मागे बायको, तिच्या मांडीवर बॅग. खालच्या गिअरमध्ये उतरायचं सोडून मी ब्रेक दाबूनच धरलेला. एका वळणावर लिव्हर घट्ट लागला, पण गाडी आपली पुढेच. "अहो, हळू!" ती ओरडली. मागचा ब्रेक आणि कडेचा मुरूम, यांच्या कृपेने थांबलो.

लिव्हर मऊ पडला असता, तर ब्रेक ऑइल उकळलं असं म्हणता आलं असतं. लिव्हर घट्ट आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅडनेच पकड सोडलेली. मसाला धरून ठेवणारं रेझीन जळतं आणि पॅडचं तोंड काचेसारखं चकाकतं. माझे तसेच झाले होते.

घरी येऊन ओरिजिनल पॅड आणले, स्वतःच बसवले आणि विषय संपला असं समजलो. पुढे तेही किरकिरायला लागले. मग मिस्त्रीने खोललं. पिस्टनकडचा पॅड पत्र्याला टेकलेला, दुसरा अर्धा शिल्लक.

"पॅडला काय नावं ठेवता सर? कॅलिपरची पिन सुकलीय. सरकतच नाही."

म्हणजे आधीचे पॅडही सारखे झिजले नसणार. मी बदलताना बघितलंच नव्हतं. सगळं खापर डुप्लिकेटवर फोडून मोकळा.

मिस्त्रीने ओरिजिनल पॅड उलटा केला. पत्र्यावर शिक्का गाडीच्या कंपनीचा नव्हे, पॅड बनवणाऱ्याचा. त्याच नावाचं पाकीट बाहेर स्वस्त मिळतं. आतला मसाला अगदी तोच असेल असं नाही, पण माल कुणाचा ते तरी कळतं. आता अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट तेच घेतो आणि पॅड बदलताना पिनला ग्रीस लावून घेतो.

मागच्या चाकाला ड्रम आहे. त्याचे लायनर मात्र अजून साध्या पाकिटातलेच, आणि त्यावरून मिस्त्रीशी माझं वाजतं.