धूर ऐकू येत नाही

आज 31 मे, तंबाखूविरोधी दिन. सकाळी तहसीलसमोर शपथ झाली, फोटो झाले, बातमी पाठवून झाली. मग आम्ही पत्रकार मंडळी नेहमीच्या टपरीवर. तिथं दोघांनी सिगारेट पेटवली, एकानं मावा चोळायला घेतला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं? पण चहा पिता पिता एडवर्ड मर्रो आठवला.

पत्रकारितेच्या पदविकेला असताना सरांनी या माणसावर अख्खा तास घेतला होता. अमेरिकेच्या सीबीएस रेडिओचा बातमीदार. 1940 साली लंडनवर जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती, तेव्हा हा तिथून बोलायचा आणि अमेरिकेतली माणसं घरात बसून ऐकायची. पुढं 1954 मध्ये टीव्हीवरून त्यानं सिनेटर मॅकार्थीला अंगावर घेतलं. आम्हा पोरांना तो देवच वाटला. फोटोत बघावं तर बोटांत सिगारेट. तीही आम्हाला बातमीदारीचाच भाग वाटली.

जमानाच तसा होता. अमेरिकेत रेडिओचे मोठमोठे कार्यक्रम सिगारेट कंपन्यांच्या पैशावर चालायचे. 'लकी स्ट्राइक'चा गाण्यांचा कार्यक्रम 1935 पासून गाजला. आमची सिगारेट घशाला सौम्य, असं निवेदक गोड आवाजात सांगायचे. ज्याचं पोट घशावर, त्याच्याच तोंडी ही जाहिरात! आणि रेडिओची गंमत अशी की आवाज घरोघरी पोचतो, धूर स्टुडिओतच राहतो. खोकला आलाच तर माइक बंद करायचा.

माझंही तसंच झालं. तेव्हा मला रेडिओवर निवेदक व्हायचं होतं. एका जुन्या निवेदकानं माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "पोरकट वाटतोय रे. बेस यायला पाहिजे. दोन-चार ओढत जा." मी ओढल्या. निवेदक काही झालो नाही, सिगारेट मात्र 14 वर्षं राहिली. आवाज जाड झाला, हे खरं. पण पुढं घशाच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, हा बेस नाही, स्वरतंतूंना आलेली सूज आहे. तेव्हा सोडली. खोटं कशाला सांगू, दोनदा परत धरली, मग सुटली.

मर्रोची सुटली नाही. योगायोग बघा, 31 मे 1955 लाच त्यानं सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यावरचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. पुढच्या आठवड्यात दुसरा भाग. दिवसाला 60-70 ओढणारा माणूस हा. म्हणजे माहिती होती, नुसती माहितीच नाही, त्यानं स्वतः देशाला सांगितली होती. 1963 मध्ये एक फुप्फुस काढावं लागलं. 27 एप्रिल 1965 ला तो गेला. 57 पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते.

एवढा खमका माणूस नुसत्या माहितीनं सुटला नाही, तर आठवीतलं पोरगं शपथेनं सुटेल का? अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती जानेवारी 1971 मध्ये बंद झाल्या, त्या कायद्यानं. आपल्याकडंही 2003 चा कायदा आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे.

आमची टपरी शाळेच्या भिंतीला लागून आहे. मधल्या सुट्टीत गणवेशातली पोरं तिथून पुड्या घेताना मी इतकी वर्षं बघतोय. बातमी कधी केली नाही. कारण तिथं आमचा अड्डा आहे, माझी उधारी आहे, आणि टपरीवाला माणूस म्हणून चांगला आहे. त्याच्यावर एकट्यावर खापर फोडायचं नाही. परवानगी कुणी दिली, डोळेझाक कोण करतंय, तेही विचारायचं आहे. त्यात आम्ही पत्रकारही आलो.

आज दुपारी उधारी चुकती केली. 340 रुपये होते. सोमवारी बातमी करतोय. तुमच्या शाळेजवळ काय स्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा. नाव छापणार नाही.